शेजारची बोलतेय

इंदूताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखं दिसतं, असं तुम्हीच म्हणायचात. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच सुटली. तुम्ही असतात तर चष्मा पुसून एकेक शब्द नीट करून दिला असता. आता जसं उतरेल तसं घ्या. हे कुणाला दाखवायचं नाही. तुम्हालाच सांगायचं आहे, आणि तुम्हाला फोन करता येत नाही.

तुमचा फोन अजून वाजतो, ताई.

दाराला कुलूप आहे, खिडक्या लावलेल्या आहेत, तुळस मी घालते तेवढ्या पाण्यावर आहे. आणि आत तो वाजतो. तुम्ही असताना तो दोनदा वाजला की थांबायचा, कारण तुम्ही उचलायचात. तुम्ही गेल्यावर तो दमेपर्यंत वाजायचा. गल्लीतली बाई न् बाई हातातलं भांडं घेऊन उभी राहायची. थांबला की सगळ्या आत जायच्या.

विश्रामबागेच्या या गल्लीत पहिला फोन तुमचा. तुमचा नंबर सगळ्यांचा झाला. कुणाच्या लग्नपत्रिकेवर, कुणाच्या नोकरीच्या अर्जावर तोच नंबर, पुढे पी. पी. लिहिलेला, म्हणजे शेजाऱ्याचा फोन. फौजेतल्या माणसाच्या खिशात, पुण्याच्या हॉस्टेलवर, माझ्या दत्ताच्या दुबईच्या खोलीत भिंतीवर. त्यातल्या कितीजणांना अजून वाटतं की नंबर फिरवला की तुम्ही आहात.

तुम्ही उचलून कधी हॅलो म्हटलं नाहीत. "शेजारची बोलतेय," म्हणायचात. फोन तुमचा, घर तुमचं, बिल तुमचं, आणि तुम्ही शेजारची. मला ते फार दिवस कळलं नाही. मग कळलं, की फोन ज्याच्यासाठी आला, त्याच्या बाजूनं तुम्ही बोलत होतात.

मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची. "पारू! दुबई!" मी हात पुसत धावायचे आणि तुमच्या उंबऱ्याच्या आत जेमतेम एक पाऊल टाकून उभी राहायचे. तिथून पुढं माझा पाय जात नसे. तुम्ही फोन कानाला लावून त्याचं ऐकायचात, मला सांगायचात, माझं ऐकायचात, त्याला सांगायचात.

"विचारतोय, गुडघा कसा आहे?"

"बरा हाय म्हणावं."

आणि तुम्ही फोनमध्ये कितीतरी वेळ बोलायचात. मला वाटायचं, बरा हाय, हे दुबईला पोचवायला एवढे शब्द लागत असतील.

आमचे हे एकदाच आले होते तुमच्याकडे, हळदीच्या यार्डातून तसेच, अंगभर पिवळे. उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "मोठ्यानं बोला, ताई. दुबई लांब हाय." तुम्ही हसू दाबत खरंच मोठ्यानं बोललात, त्यांचा मान राखायला. पण त्यांनी दत्ताशी बोलायला फोन घेतला नाही. दत्तानंही मागितला नाही.

त्या दोघांचं भांडण तुम्हाला माहीत होतं. पोरानं यार्डात यावं, असं यांचं म्हणणं. आमच्या पलूसकडची निम्मी पोरं गलाईच्या धंद्यात परमुलखात जातात, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. दत्ता मावसभावाच्या दुकानात केरळात गेला, तिथून एका शेठनं दुबईला नेला. निघाला त्या दिवशी हे स्टँडवर आले नाहीत. मी गेले. एस. टी. हलेपर्यंत त्याच्या खिडकीखाली उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. तो "आई, जातो," म्हणाला तेव्हा मी बसच्या चाकाकडे बघत होते.

पूर्वी आमच्यात माणूस परगावी गेला की गेलेला असायचा. पत्र यायचं, त्यात तो बरा असायचा. पत्र लिहिल्यानंतर काय झालं ते कुणाला माहीत नसायचं आणि तसंच चालून जायचं. फोन आल्यावर ते चालेनासं झालं. दुबईत शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी त्याचा फोन. आला की वाटायचं, पोर भिंतीपलीकडं आहे. एखादा शुक्रवार चुकला की घास उतरायचा नाही. पोर जवळ आलं की आणखी लांब गेलं, ते मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला विचारलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, "मलाही विचार. माझा तर अमेरिकेत आहे."

तुमचा मिलिंद फोन फार करत नसे. महाग पडतं, म्हणायचात. कॉलेजजवळ ते कॉम्प्युटरचं दुकान निघालं तेव्हापासून तर त्याची पत्रं तिथंच यायची. दुकानदार कागदावर छापून द्यायचा. एकदा मी सोबत आले होते. दुकानदारानं विचारलं, "उत्तर काय लिहू, काकू?" आणि तुम्ही, गल्लीभर बोलणाऱ्या तुम्ही, गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलात. शेवटी म्हणालात, "मी मजेत आहे, असं लिहा." मला आतल्या आत हसू आलं होतं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "हसू नकोस. परक्या माणसासमोर काय सांगायचं?" मी म्हटलं, "आवं ताई, मीबी तेच म्हनते की."

मग दत्ताला कावीळ झाली. त्याच्या खोलीतल्या कुणीतरी फोन करून सांगितलं आणि पुढं चार दिवस काही कळेना. तेव्हा तुम्ही आपणहून दुबईला फोन लावलात, दवाखान्यात, रोज. कुणाकुणाशी इंग्रजीत भांडलात. बिल आलं तेव्हा मी आकडा विचारला. तुम्ही कागद उशीखाली सारलात. "सावकाश दे." मी महिन्याला थोडे थोडे देत होते. एके दिवशी म्हणालात, झाले. मला हिशेब येतो, ताई. झाले नव्हते. मी तसं म्हटलं तर तुम्ही विषय बदललात.

आपलं खरं भांडण एकच झालं, ते त्या शेवटच्या शुक्रवारी. दत्ताचा करार संपत आला होता. शेठ म्हणत होता, आणखी दोन वर्षं थांब. त्यानं मला विचारलं होतं, थांबू का येऊ? दसऱ्याच्या आत शेठला सांगायचं होतं.

तुम्ही फोनवर हात ठेवून म्हणालात, "काय सांगू?"

"तुमीच सांगा की."

"मी का सांगू? माझं पोर आहे का?"

"रोज तर तुमीच सांगताय."

"रोजचं वेगळं. हे मी सांगणार नाही. ये, धर."

तुम्ही फोन माझ्यापुढं केलात. त्यातून दत्ताचा "हॅलो, हॅलो" ऐकू येत होता, डबीत कोंडलेल्या किड्यासारखा. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. तुम्ही त्याला म्हणालात, "आई विचार करतेय. पुढच्या शुक्रवारी ती स्वतः सांगेल." आणि ठेवलात. मला राग आला होता. तुम्हालाही.

"एवढं काय गं लाजायचं? फोनला डोळे नाहीत."

"म्हनूनच भ्या वाटतं. डोळं असतं तर न बोलता कळलं असतं."

तुम्ही हसलात. मग हसू गेलं तुमचं. "बघू," म्हणालात, "पुढच्या शुक्रवारी बघू."

पुढच्या शुक्रवारी तुम्ही दवाखान्यात होतात. पहिले दोन दिवस बोलत होतात, तेव्हा मी म्हटलं, मिलिंदला कळवूया. तुम्ही ऐकलं नाहीत. नोकरी नवी आहे, रजा मिळायची नाही, बरी झाले की मीच सांगेन, म्हणालात. तिसऱ्या दिवशी तुमची जीभ उचलेना. तुम्ही माझ्याकडं बघून ओठ हलवत होतात. मी कान अगदी जवळ नेला. नुसता श्वास होता. सगळ्या गल्लीचं बोलणं पोचवणाऱ्या बाईचं बोलणं पोचवायला त्या खोलीत मी एकटी, आणि मला कळलं नाही. ते ओठ मला अजून दिसतात. भाकरी थापताना दिसतात.

मिलिंद आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चौदाव्याच्या जेवणानंतर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "मावशी, अधूनमधून झाडून घ्या. फोन बंद करायचा अर्ज राहिला, पुढच्या वेळी बघतो." आणि गेला.

तेव्हापासून किल्ली माझ्या कनवटीला आहे. म्हणजे तुम्ही विचाराल, मग फोन उचलला का नाहीस? शुक्रवारी दुपारी मी कुलूप काढून आत यायचे. तुम्ही विणलेला पांढरा रुमाल तसाच फोनवर असायचा. वाजायला लागला की रुमाल थरथरल्यासारखा वाटायचा. मी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभी. आतून तुमची हाक यावी, पारू, दुबई, असं वाटायचं, आणि ती येणार नाही हे माहीत असून मी कान देऊन ऐकायचे. एकदा तर ती आलीच. मी "आले," म्हटलं. मग फोन थांबला आणि घरात एवढी शांतता झाली की मी कुलूप न लावताच पळाले.

भीती फोनची होतीच. पण दुसरंही काही होतं. मी उचलला असता तर मला सांगावं लागलं असतं. जोवर तो नुसता वाजत होता, तोवर दत्ताच्या लेखी, त्या फौजेतल्या माणसाच्या लेखी, तुम्ही बाजारात गेला होतात. अंघोळीला गेला होतात. मी उचलला की तुम्ही गेलात. आणि मग ते मला कसं सहन होणार होतं?

दत्ताला पत्र लिहावं तर त्यानं खोली बदललेली, नवा पत्ता तो तुम्हालाच सांगणार होता.

मग दाराखालून कागद आला. टेलिफोन ऑफिसचा. अक्षर लावून लावून वाचला. बिल थकलंय, बाहेर जाणारे फोन बंद केलेत, आठवडाभरात भरलं नाही तर येणारेही बंद होतील. म्हणजे एकच शुक्रवार हाती होता. त्यानंतर दत्ता फिरवेल आणि काहीच वाजणार नाही. माझं पोर शेठला हो म्हणून टाकेल, आईनं उत्तर दिलं नाही म्हणून.

त्या शुक्रवारी मी रुमाल आधीच काढून ठेवला. वाजला. मी उचलला. उलटा धरला होता, मग सुलटा केला.

"काकू? किती दिस झालं! कुटं गेलता तुमी?"

एवढ्या जवळ. कानाच्या आत. पाच वर्षांत मी त्याचा आवाज असा ऐकला नव्हता, ताई. तुमच्या आवाजात ऐकला होता. तो घोगरा झालाय.

मला म्हणायचं होतं, दत्ता, मी आई. तोंडातून निघालं, "शेजारची बोलतेय."

तो म्हणाला, "आई?"

मी "व्हय," म्हटलं, आणि ते "व्हय" थोड्या वेळानं परत माझ्याच कानात आलं. मी घाबरून मागं बघितलं.

"आई, आवाज माघारी येतोय लाइनीत. थांबून थांबून बोल. काकू कुटं हायत?"

मी सांगितलं. दोन शब्दांत सांगितलं. तेही परत येऊन मला ऐकू आले. तुम्ही गेल्याचं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर माझ्याच आवाजानं, दुबईहून.

तो रडला. मोठा माणूस रडतो तसा, दम कोंडून. मला त्याला हसवता येत नव्हतं, तुम्हाला आलं असतं. मग तोच म्हणाला, "काकूंनी तुजं एकेक बोलनं असं सांगायचं, लय हसायचो मी. ते दाढीचं."

"कंचं दाढीचं?"

"इसरलीस? मी फोटू धाडला तवा तू म्हनलीस, दाढी काढल्याबिगर दारात यायचं न्हाई, फोटू बघून शेळी भ्याली. रूमवर सगळ्यांना सांगितलं मी. माजी आई लय खवट हाय म्हनून."

आमच्याकडे शेळी कधीच नव्हती, ताई.

मी फोटो बघून एवढंच म्हटलं होतं, वाळलाय. तुम्ही त्याचं काय केलंत! तिकडं पाच वर्षं माझ्या पोराला एक हसरी, तोंडाळ, भरभरून बोलणारी आई होती, आणि मला तिची ओळख नव्हती. क्षणभर मला तिचा हेवा वाटला. मग तो म्हणाला, हळू आवाजात,

"आन ते स्टँडवरचं. ते तू सांगून धाडलंस, बरं केलंस. न्हाईतर मी तसाच कुढत राहिलो असतो."

मी विचारलं नाही. तोच म्हणाला. "तू म्हनलीस, की मी त्या दिवशी बोलले न्हाई, कारन तोंड उगडलं असतं तर तुला जाऊ दिलं नसतं."

ताई, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. मी स्वतःशी सुद्धा एवढं नीट म्हटलं नव्हतं. तुम्हाला कुठून कळलं? मी उंबऱ्यात उभी असताना तुम्ही माझ्याकडं बघत फोनवर बोलायचात. तिथं वाचलंत का? आता कुणाला विचारू? दाढीचं तुम्ही रचलंत. पण हे रचलेलं नव्हतं. हे माझं होतं, मला न विचारता तुम्ही पोचवलंत.

"आई, कार्ड संपत आलंय. शेटला काय सांगू? थांबू का येऊ?"

त्या तोंडाळ आईनं काहीतरी छान सांगितलं असतं. मला एकच सुचलं.

"ये."

थोड्या वेळानं ते माझ्या कानात परत आलं. ये. मग तो म्हणाला, "येतो. दिवाळीच्या आत." मग बापाचं नाव काढलं, "दादास्नी सांग." आणि कार्ड संपलं.

मी यांना सांगितलं. हे हळदीचे हात धूत होते. बराच वेळ धूत राहिले. मग म्हणाले, "दाढी काढून ये म्हनावं." मी यांना शेळीचं सांगितलं. पाच वर्षांनी दत्ताच्या नावानं आमच्या घरात कुणी हसलं.

त्यानंतर मी उचलत गेले. मागच्या गल्लीतल्या शोभाचा नवरा फौजेत आहे, त्याचा आला. आधी तुमचं सांगितलं. मग शोभाला हाक मारली. ती आली आणि माझ्यासारखीच उंबऱ्यात थांबली. मी तिला म्हटलं, ये, धर. तिनं धरला. ती माझ्याहून धीट आहे.

आणि एक फोन कुवेळी यायचा. सकाळी, दूध येतं तेव्हा. कुणाच्याच वेळेचा नव्हता तो. तोही उचलला.

पलीकडं कुणी बोलेना. श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "शेजारची बोलतेय." तरी नाही. ठेवणार, तेवढ्यात आवाज आला, "मावशी? मला वाटलं नव्हतं कुणी उचलेल."

मिलिंद होता.

"काय काम हुतं का, बाळा?"

"काही नाही. मी नुसता वाजवतो. इथं रात्र असते. आपल्या घरात वाजतोय एवढं कळतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "मी फोन करायचो तेव्हा आई काही बोलायचीच नाही. मजेत आहे, म्हणायची, आणि ठेव आता, पैसे जातात. तुमच्याशी बोलायची का काही? माझ्याबद्दल?"

ताई, तुम्ही काहीच बोलला नव्हता. छापलेले कागद चोळीत ठेवायचात, तो फोन करील अशा दिवशी लवकर अंघोळ करून फोनजवळ भाजी निवडत बसायचात, आणि नाही आला की म्हणायचात, आज मेथी चांगली मिळाली. एवढंच. ते दवाखान्यातले ओठ माझ्या डोळ्यांपुढं आले.

मी म्हटलं, "म्हनायच्या की. म्हनायच्या, तो लवकर ठेवतो ते बरं. जास्ती बोलला तर मला ये म्हनल्याबिगर राहवायचं न्हाई, आन तो येईलबी सगळं टाकून."

मग तो म्हणाला, "असं म्हणायची?"

"व्हय."

तुम्ही असं म्हणाला नव्हता. पण मला वाटतं, ते हेच होतं. चुकलं असेल तर सांगा. स्वप्नात या आणि सांगा, रागवा. पण मला कळेल असं काहीतरी करा, कारण हे बरोबर की चूक, ते मला आता कुणाकडून समजणार नाही.

त्यानं बिलाचं विचारलं, पैसे पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, नको. तुझ्या आईचे पैसे माझ्याकडं राहिलेत.

दुसऱ्याच दिवशी टेलिफोन ऑफिसात गेले. तुमच्या थकलेल्या बिलाचे पैसे आणि काविळीच्या वेळचे राहिलेले जवळजवळ सारखेच झाले. चार रुपये माझेच निघत होते, ते जाऊ द्या. खिडकीत गर्दी होती. पूर्वीची मी असते तर कुणाला तरी पुढं केलं असतं. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा कारकुनानं कागद बघितला, नोटा मोजल्या, तुमचं नाव मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही कोण यांच्या?"

"शेजारची," मी म्हटलं.

त्यानं शिक्का मारला. "पूर्ण भरलं. बाकी काही नाही."